मसावि एक

लोक मला विचारायचे, "काकू, तुम्ही ऑफिसात नक्की काय करता?" त्यावर माझं ठरलेलं उत्तर होतं, "मोठ्या संख्या फोडायचा प्रयत्न करते. नाही फुटल्या, की सही करते." ऐकणारा हसायचा आणि विषय बदलायचा. इथे अमेरिकेत, ईडन प्रेरी गावातल्या आमच्या मराठी मंडळींत बहुतेक सगळेच कॉम्प्युटरशी संबंधित काहीतरी करतात, त्यामुळे फार खोलात कुणी शिरत नाही. माझा नवरा मिलिंद मात्र दर वेळी शेजारून सांगायचा, "ती थट्टा करत नाहीये. खरंच तेवढंच करते."

गेल्या पानगळीत मिलिंद गेला. त्याच्यासाठी घरी ठेवलेल्या बुद्धवंदनेला घर भरून माणसं आली होती. त्यांतल्या निम्म्यांनी लहानपणी आमच्या बेसमेंटमध्ये बसून त्याच्याकडून गणित शिकलेलं होतं. त्यानंतर घर शांत झालं. या अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी नाहीच म्हणणार होते. मी सावकाश लिहिते, आणि हल्ली तर एक वाक्य लिहून खिडकीबाहेर बघत बसते. त्या म्हणाल्या, "सावकाश लिहा. पण तुमच्या नोकरीबद्दल लिहा. आणि जरा समजेल असं लिहा." मग मी ठरवलं की सगळी नोकरी सांगायची नाही. एका आठवड्यात काय झालं तेवढं सांगायचं. त्यात माझी एक मोठी चूक आहे आणि माझा सगळ्यात मोठा विजयही. आणि जे मिलिंदला सांगायचं राहिलं, तेही त्यातच आहे.

आधी काम समजावून सांगते.

दोन मूळ संख्या घ्या. मूळ म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही अशी. समजा ८३ आणि ९७. त्यांचा गुणाकार ८०५१. हा गुणाकार पाचवीतलं मूलही करेल. पण उलट दिशेनं जा. कुणी नुसतं ८०५१ हातात दिलं आणि म्हटलं, याचे अवयव सांगा, तर वेळ लागतो. दोननं भाग जात नाही, तीननं नाही, सातनं नाही, असं करत ८३ पर्यंत पोचावं लागतं. आता त्या दोन मूळ संख्या दोन-दोन अंकी न घेता दीडशे-दीडशे अंकी घ्या. गुणाकार अजूनही क्षणात होतो. तीनशेच्या आसपास अंकांची एक संयुक्त संख्या तयार होते. ती उलट फोडायला बसलात तर आयुष्य पुरत नाही. तुमचं नाही आणि कॉम्प्युटरचंही नाही.

सगळी सुरक्षा या एवढ्याशा गोष्टीवर उभी असते. यंत्र स्वतःच्या पोटात दोन मूळ संख्या निवडतं, त्या लपवून ठेवतं आणि त्यांचा गुणाकार जगाला दाखवतं. गुणाकार हे कुलूप आणि लपवलेल्या दोन संख्या ही किल्ली. कुलूप कुणीही पाहावं, त्यानं काही बिघडत नाही.

आमची कंपनी हॉस्पिटलसाठी पंप बनवायची. सलाइनच्या नळीतून ताशी किती औषध जायचं ते ठरवणारी पेटी पलंगाशेजारी स्टँडवर लावलेली असते ना, ती. नवे पंप हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरशी बिनतारी बोलणार होते. डोस तिकडून येणार. म्हणजे त्या संभाषणाला कुलूप हवं. प्रत्येक पंपाचं कुलूप वेगळं, म्हणजे प्रत्येक पंपाची तीनशे अंकी संख्या वेगळी. ती कच्ची आहे का, हे मी पाहायची. जो कुणी ती फोडेल तो पंपाचं सोंग घेऊ शकेल, आणि डोसच्या जागी आपला आकडा घुसडू शकेल. हे काम करताना मी पलंगावरचा माणूस कधी विसरले नाही.

संख्या तपासायच्या रीती गमतीदार असतात. पहिल्यांदा मी पाहायची की ती संयुक्त आहे ना. तुम्ही म्हणाल, अवयव माहीत नसताना ते कसं कळणार? कळतं. एक कसोटी अशी आहे की तिच्यात मूळ संख्या कधीच नापास होत नाही. एखादी नापास झाली की ती संयुक्त, मग तिचे अवयव जगात कुणाला माहीत नसले तरी चालेल. मला या गोष्टीचं कायम नवल वाटत आलं आहे. आतलं काहीही न दिसता आत काहीतरी आहे एवढं नक्की सांगता येतं. एकदा एका पुरवठादाराच्या चिपमधून आलेली संख्या या कसोटीत पास झाली. म्हणजे ती गुणाकारच नव्हती, आख्खी मूळ होती. चिपनं गुणाकाराची पायरीच गाळली होती. अशा कुलपाची किल्ली कुणीही बनवू शकतं.

दुसरा एक पुरवठादार होता, टेक्सासमध्ये फ्रिस्कोला. तिथले कुलकर्णी म्हणून इंजिनिअर होते, मूळचे पुण्याचे. त्यांच्या चिपची संख्या मी नापास केल्यावर त्यांचा फोन आला. आवाजात नाराजी होती.

"मॅडम, थ्री हंड्रेड डिजिट्सचा नंबर आहे. तो कोण फोडणार? प्रॅक्टिकली इम्पॉसिबल आहे."

"मी फोडला," मी म्हटलं. "आज जेवणाआधी."

मी छापील कागद पुढे ओढला.

"पहिला अवयव वाचून दाखवू?"

"सगळा?"

"शेवटचे वीस अंक पुरतील?"

मी बारावा अंक वाचत होते तेव्हाच ते म्हणाले, "बास, बास. कसं केलंत?"

त्यांच्या चिपनं एक मूळ संख्या निवडली होती आणि दुसरी म्हणून तिच्या लगतची पुढची घेतली होती. आळस, दुसरं काही नाही. ३५९९ ही संख्या पाहा. साठाच्या वर्गाहून एक कमी. म्हणजे साठाच्या एक अलीकडे आणि एक पलीकडे गेलं की अवयव मिळाले: ५९ आणि ६१. अवयव एकमेकांच्या शेजारी राहत असतील तर वर्गमूळ काढायचं आणि तिथल्या तिथे दार वाजवायचं. कुलकर्णी नंतर माझे चांगले मित्र झाले. दर दिवाळीला फोन करून विचारायचे, "मॅडम, यंदा किती फोडले?"

अशा प्रसंगांनी मला थोडा गर्व चढला होता, हे कबूल करते. कच्ची संख्या माझ्या हातून सुटत नाही, असं मी समजून चालले होते. नव्या पंपांची पहिली खेप दोनशे साठ पंपांची होती. दोनशे साठ संख्या मी एकेक करून तपासल्या. एकेका संख्येवर माहीत असलेल्या सगळ्या कसोट्या लावल्या. एकही नापास झाली नाही. मी सही केली. त्यांतले वीस पंप चाचणीसाठी डकोटातल्या एका लहानशा हॉस्पिटलकडे गेले, आणि उरलेले दोनशे चाळीस पुढच्या मंगळवारी ट्रकमध्ये चढून निरनिराळ्या हॉस्पिटलांकडे निघणार होते.

त्या आधीच्या शुक्रवारी अर्लचा फोन आला.

अर्ल हा त्या डकोटातल्या हॉस्पिटलचा यंत्रं सांभाळणारा माणूस. साठीच्या पुढचा. आमच्या ऑफिसात त्याचा फोन घ्यायला कुणी तयार नसायचं, कारण तो दर आठवड्याला तक्रार करायचा. स्क्रू सैल आहे, वायर दोन इंच आखूड आहे, पुस्तिकेच्या नवव्या पानावर चित्र उलटं छापलंय. आलेल्या प्रत्येक यंत्राची माहिती तो स्वतःच्या वहीत पेन्सिलीनं उतरवून घ्यायचा. आमच्या पंपावर त्याच्या संख्येवरून काढलेली एक छोटी ओळखखूण छापलेली असे. ती कुणी वाचत नाही. अर्लनं ती वीसच्या वीस पंपांची उतरवली होती.

"दोन पंपांवर एकच खूण आहे," तो म्हणाला. "तुमचं लेबल छापणारं यंत्र बिघडलंय."

"पंप कुठे आहेत?" मी विचारलं.

"माझ्या स्टोअरमध्ये. वहीत सगळं जुळल्याशिवाय मी ते वॉर्डात जाऊ देत नाही."

मी त्याचे आभार मानले. त्याला नवल वाटलं असावं, कारण आमच्याकडून त्याला बहुधा पहिल्यांदाच ते मिळत होते. मग मी नोंदी उघडल्या. लेबल छापणारं यंत्र ठीक होतं. त्या दोन पंपांच्या संख्याच एक होत्या, पहिल्या अंकापासून शेवटच्या अंकापर्यंत.

दोन यंत्रांनी आपापल्या मनानं दीडशे अंकी मूळ संख्या निवडाव्यात आणि त्या दोन्हीच्या दोन्ही जुळाव्यात, हे योगायोगानं होत नाही. मी आमचे व्हाइस प्रेसिडेंट ग्रेग यांच्याकडे गेले. ग्रेग वाईट माणूस नव्हता. उंच, नीटनेटका, खिशात कायम एक लहान स्टीलची पट्टी, कारण तो मूळचा ड्रॉइंग खात्यातला. त्यानं ऐकून घेतलं.

"एकच नोंद दोनदा कॉपी झाली असेल," तो म्हणाला. "तो एक पंप परत मागव. ट्रक मंगळवारीच निघेल."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांवर तुझी सही आहे."

ते खरं होतं. काहीतरी चुकलंय एवढं मला कळत होतं, पण उरलेल्या संख्या एकमेकींपेक्षा वेगळ्या होत्या आणि प्रत्येक पक्की होती. मी पुन्हा काही तपासल्या. पुन्हा पक्क्या.

दुसऱ्या दिवशी शनिवार. शनिवारी सकाळी आमच्या बेसमेंटमध्ये मिलिंदचा वर्ग असायचा. नागपूरला तो शाळेत गणित शिकवायचा. माझ्या नोकरीमुळे इथे आला आणि पहिली कित्येक वर्षं त्याच्या व्हिसावर त्याला नोकरी करता येत नव्हती. त्याबद्दल त्यानं कधी बोलून दाखवलं नाही. मला ते न बोलणंच जास्त लागायचं. मग त्यानं ओळखीच्या घरांतली मुलं गोळा केली आणि वर्ग सुरू केला. बेसमेंटमध्ये एक जुनं टेबल टेनिसचं टेबल होतं, त्याचं जाळं काढून त्याभोवती मुलं बसायची. तो मराठीत शिकवायचा, मुलं इंग्रजीत उत्तरं द्यायची, आणि दोन्ही बाजूंना त्यात काही वावगं वाटायचं नाही.

मी पोह्यांच्या बशा घेऊन खाली गेले. ईशा नावाची अकरा वर्षांची मुलगी फळ्यासमोर उभी होती आणि चिडलेली होती. मिलिंदनं तिला दोन संख्या दिल्या होत्या, ८०५१ आणि ८३८३, आणि त्यांचा मसावि काढायला सांगितला होता. शाळेत आपण हे सगळे शिकलो आहोत: महत्तम सामाईक विभाजक, दोन्ही संख्यांना भाग जाईल अशी सर्वांत मोठी संख्या. इथल्या शाळेत मुलांना त्यासाठी आधी संख्येचे अवयव पाडायला शिकवतात, झाडाच्या फांद्यांसारखे. ईशाचं झाड उगवत नव्हतं.

"काका, धिस इज नॉट फेअर. नथिंग गोज इनटू इट."

"कशानं भागून बघितलंस?"

"टू, थ्री, फाइव्ह, सेव्हन, इलेव्हन, थर्टीन, सेव्हन्टीन. आय ॲम डन."

"मग फोडू नकोस," मिलिंद म्हणाला. "फोडायला कुणी सांगितलंय? एकटी संख्या काही बोलत नाही. तिला दुसरीच्या शेजारी बसव, मग बघ. मोठीतून लहान वजा कर."

ईशानं केलं. "थ्री थर्टी-टू."

"आता त्यानं ८०५१ ला भाग. बाकी?"

ती बराच वेळ फळ्याशी खडू घासत होती. "एटी-थ्री."

"८३ नं ३३२ ला भाग."

"फोर. नो रिमेंडर." ती थांबली. "वेट. एटी-थ्री? दॅट्स इट?"

"तेवढंच. आता ८०५१ ला ८३ नं भाग. तुझं झाड आपोआप उगवेल."

मी हातात बशा घेऊन पायरीवर उभी होते. मिलिंद म्हणाला, "अगं, दे ना पोहे. मुलं बघतायत." मी बशा टेबलावर ठेवल्या, वर आले आणि गाडीची किल्ली घेतली.

ही रीत मला माहीत नव्हती असं नाही. मी गणितात एम.एस्सी. केलेलं आहे. ही रीत हजारो वर्षं जुनी आहे आणि नागपूरला सातवीत मी ती पाटीवर केलेली आहे. पण इतकी वर्षं मी प्रत्येक संख्या एकटीला समोर बसवून विचारत होते, तू पक्की आहेस का? आणि ती म्हणत होती, आहे. दोघींना शेजारी बसवून मी कधी विचारलंच नव्हतं. यंत्रं स्वतंत्रपणे संख्या निवडतात असं मी धरून चालले होते, आणि जे धरून चालतो ते आपण तपासत नाही. पुढे या प्रकाराबद्दल जगात बरंच लिहून आलं. तेव्हा आमच्या ऑफिसात त्याचं नावही कुणी ऐकलं नव्हतं.

दोन न फुटणाऱ्या संख्यांमध्ये एक अवयव सामाईक असेल, तर दोन्ही एका झटक्यात फुटतात. तीनशे अंकी असोत की तीन हजार अंकी. मसावि काढायला काहीच फोडावं लागत नाही.

रस्त्यावर बर्फ होतं, त्यामुळे ऑफिसात पोचायला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला. दोनशे साठ संख्यांच्या तेहेतीस हजार सहाशे सत्तर जोड्या होतात. प्रत्येक जोडीचा मसावि काढणारा प्रोग्रॅम सात-आठ ओळींचा होता. बहुतेक जोड्यांचं उत्तर एक आलं. एक म्हणजे सामाईक काही नाही, तसंच यायला हवं. पण मध्येच दीडशे अंकांची एक ओळ आली. मग आणखी एक. कॉफी थंड होण्याआधी सगळं संपलं होतं. दोनशे साठांपैकी तेहेतीस पंपांची कुलपं माझ्यासमोर उघडी पडली होती. त्यांतल्या प्रत्येकाखाली माझी सही होती.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. संख्या निवडायला यंत्राला बाहेरून थोडी अनिश्चितता लागते: बटणं कधी दाबली, तारेतून काय खरखर आली, असलं काहीतरी. कारखान्यात पंप पहिल्यांदा सुरू होतो तेव्हा त्याच्यापाशी यातलं काहीच नसतं. नुकत्याच जन्मलेल्या बाळांना तुमच्या मनात काय आहे असं विचारल्यासारखं होतं ते. काही पंपांच्या मनात पहिली संख्या तीच आली. दुसरी निवडेपर्यंत घड्याळ थोडं पुढे सरकलेलं असायचं, म्हणून ती वेगळी. अर्लच्या त्या दोन पंपांचं घड्याळही बरोबरीनं चाललं होतं, एवढाच फरक.

सोमवारी सकाळी मी ग्रेगसमोर बसले आणि पहिलं वाक्य बोलले ते असं: "माझी सही चुकली आहे. मी ती मागे घेते."

"तूच आम्हाला प्रेझेंटेशन करून सांगितलं होतंस," तो म्हणाला, "की हे नंबर जगात कुणी फोडू शकत नाही."

"एकटा नंबर फोडू शकत नाही."

"ठीक आहे. मग फोडून दाखव. आत्ता, इथे. आणि नंबर मी निवडणार. तू तयार करून आणलेला नाही चालणार."

त्याचं म्हणणं रास्त होतं. "चालेल. पण प्रत्येक फुटणार नाही. साधारण आठातला एक फुटतो."

"म्हणजे सात सुरक्षित आहेत."

"आजपुरते. पुढच्या खेपेतल्या एखाद्या पंपानं त्यांच्यातली मूळ संख्या उचलली, की तेही फुटले."

पंपांची यादी पुढे ओढून त्यानं डोळे दुसरीकडे वळवले आणि बोट ठेवलं. मी त्या पंपाची संख्या घेतली आणि बाकी सगळ्यांशी लावून पाहिली. सगळीकडे एक. दुसऱ्यांदा बोट ठेवलं. एक. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, पाचव्यांदा. सगळीकडे एकच. ग्रेग खुर्चीत मागे टेकला. मला ते सगळं गणित माहीत होतं, पाच वेळा ओळीनं हुकणं यात विशेष काही नाही हेही माहीत होतं. तरी मी घड्याळाकडे पाहिलं. ट्रक उद्या निघणार होता.

"आणखी एक," मी म्हटलं.

त्यानं यादीच्या शेवटच्या पानावर बोट ठेवलं.

पडद्यावर दीडशे अंकांची ओळ आली.

मी त्या ओळीनं पंपाच्या संख्येला भाग दिला. बाकी शून्य. दुसरा अवयवही आला. दोन्ही कागदावर छापले, ग्रेगपुढे ठेवले आणि म्हटलं, "गुणाकार तुमच्या कॉम्प्युटरवर करा. माझ्यावर नको."

त्यानं केला. मग खिशातली स्टीलची पट्टी काढली, पंपाच्या नोंदीतली छापील संख्या खाली ठेवली, गुणाकार वर ठेवला, आणि पट्टी सरकवत एकेक अंक ताडून पाहायला लागला. जवळजवळ तीनशे अंक. एकदा तो मध्येच चुकला आणि ओळीच्या सुरुवातीपासून पुन्हा लागला. पट्टी शेवटच्या अंकावर येऊन थांबली. जे जगात कुणाला जमत नाही असं मी त्याला सांगितलं होतं, ते त्याच्या टेबलावर होतं.

मग त्यानं फोन उचलून मालखात्याला सांगितलं, "उद्याचा ट्रक उतरवा. हो, सगळा."

फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "सही चुकली असं येऊन सांगणारी माणसं मी फार पाहिली नाहीत." मग विचारलं, "तुला हे सुचलं कसं?"

"आमच्या घरी गणिताचा वर्ग असतो," मी म्हटलं. त्याला वाटलं मी टाळतेय.

दुरुस्तीला पाच आठवडे लागले. आता कारखान्यातच प्रत्येक पंपाच्या पोटात वेगळी अनिश्चितता भरून मगच तो सुरू करायचा असं ठरलं. अर्लला पंप कुरियरनं परत पाठवायला सांगितलं होतं. त्यानं कुरियरवर विश्वास ठेवला नाही. वीस पंप पिकअपमध्ये ब्लँकेटांत गुंडाळून तो स्वतः बर्फातून गाडी चालवत ईडन प्रेरीला आला. आल्याबरोबर त्यानं वही उघडली आणि आमच्या माणसाकडून वीस ठिकाणी पोच लिहून घेतली. त्या दिवशी ग्रेगनं त्याला सगळा कारखाना हिंडवून दाखवला. जाताना अर्लनं जिन्याचा कठडा सैल असल्याची तक्रार केली. तो दुसऱ्याच दिवशी पक्का केला गेला.

मिलिंदला यातलं काहीच सांगता येत नव्हतं. नोकरीत असेपर्यंत कंपनीबाहेर एक शब्द काढायचा नाही असं लिहून दिलेलं होतं. तो विचारायचाही नाही. निवृत्त झाल्यावर सांगू असं मी म्हणत होते. निवृत्त झाले, आणि मग त्याचं दुखणं सुरू झालं. डॉक्टर, औषधं, तारखा, एवढंच बोलणं उरलं. त्याच्या पलंगाशेजारी अगदी तसाच एक पंप थेंब मोजत होता. मी त्याच्याकडे बघायची आणि वाटायचं, आता सांगावं. पण तो दमलेला असायचा. त्या शनिवारी मी पोह्यांच्या बशा ठेवून कुठे पळाले, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणून इथे लिहिते आहे: ती तेहेतीस कुलपं मिलिंदनं शोधली. मी फक्त गाडी चालवत ऑफिसला गेले.

सगळ्या पंपांच्या नव्या संख्या आल्या तेव्हा मी त्या तपासल्या. आधी एकेक, मग सगळ्या जोड्या. तेहेतीस हजार सहाशे सत्तर मसावि. सगळे एक. एकही अपवाद नाही. ड्रॉइंग खात्यात मोठे नकाशे छापणारं यंत्र होतं. त्यावर मी ते सगळे छापून घेतले, पहिल्या ओळीत एक उत्तर, दुसरीत दोन, तिसरीत तीन, शेवटच्या ओळीत दोनशे एकोणसाठ. एक या आकड्याचा भलामोठा त्रिकोण तयार झाला.

गुंडाळी घेऊन मी ग्रेगकडे गेले. "हे घरी नेऊ का?"

त्यानं एक टोक उलगडून पाहिलं. "यात आहे काय?"

"एक."

"नुसते एक?"

"नुसते एक."

"घेऊन जा," तो म्हणाला. "यात गुप्त ठेवण्यासारखं काही नाही."

घरी मिलिंद बेसमेंटमध्ये मुलांच्या वह्या तपासत होता. मी वह्या बाजूला सारल्या आणि माथ्यावर पेन्सिलीनं 'मसावि' लिहिलेला तो कागद टेबल टेनिसच्या टेबलावर पसरला. तो दोन्ही बाजूंनी खाली लोंबत होता. मिलिंदनं चष्मा वर केला आणि टेबलाभोवती एक फेरी मारली.

"कशाचे मसावि आहेत?"

"सांगता येत नाही."

"संख्या केवढ्या?"

"तेही नाही."

"बरं. किती संख्या, ते तरी?"

"ओळी मोज."

त्यानं खरंच मोजल्या, बोट ठेवून, जमिनीवर गुडघे टेकून खालच्या टोकापर्यंत. मग उभा राहिला. "दोनशे एकोणसाठ ओळी, म्हणजे दोनशे साठ संख्या, आणि सगळ्या एकमेकींशी सहमूळ. एकीचं दुसरीशी काही सामाईक नाही." तो त्रिकोणाकडे बघत राहिला. "कुणीतरी फार चांगलं काम केलंय."

"खूण कर ना मग," मी म्हटलं.

"तुला माहीत आहे, तपासल्याशिवाय मी खूण करत नाही."

"मी तपासलंय."

"एकेक?"

"जोडीजोडीनं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग लाल पेनचं टोपण काढलं, पुन्हा गुडघ्यांवर बसला आणि शेवटच्या ओळीखाली, अगदी कोपऱ्यात, बरोबरची एक मोठी खूण केली.